विंटरग्रीनची ओळख पटवण्याबाबत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. (धाकटा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा आणि चार महिन्यांत निवृत्त होणारा, पण तुझ्या लेखी मी अजून चड्डीची नाडी न बांधता येणाराच आहे, तेव्हा ते असो.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी भावजय गुडघ्यांवरून कुरकुरते, मी तिच्यावरून कुरकुरतो, म्हणजे घर नेहमीसारखं चाललं आहे. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे भाचीकडून कळलं. महिनाभर वाचन कमी करा असं डॉक्टरांनी सांगितल्याचंही कळलं. तेव्हा हे पत्र एका दमात वाचू नकोस, रोज एक पान वाच. शेवटचं पान तर अगदी शेवटी वाच. आधी शेवट बघून मग पुस्तक वाचायला घ्यायचं की नाही ते ठरवायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

विनंती विशेष, तुझ्या मागच्या पत्रात तू एकच प्रश्न विचारलास आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यास: ह्यांचं झाड कसं आहे? ताई, प्रश्न सोपा आहे आणि उत्तरही एका ओळीत देता येईल. पण एका ओळीत दिलं तर तू मला त्याच ओळीत कायमचा तोडशील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. दोष कुणाचा ते तूच ठरव. माझा नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

तुला आठवतच असेल, भाऊजी थंडीच्या डोंगरात जंगलखात्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते तिथून बदली झाली तेव्हा लोकांनी पितळी समया आणि घोंगड्या आणल्या असत्या, त्यांनी औषधाच्या रिकाम्या खोक्यात हे एक रोप मांडीवर धरून आणलं. वीतभरही उंच नाही, जमिनीला धरून सरपटणारं, जाड चकचकीत पानांचं. पांढरी, लोंबत्या घंटेसारखी फुलं, मग लाल मण्यांसारखी फळं. थंडीत सगळी झाडं माना टाकतात तेव्हा हे जरा तांबूस व्हायचं, पण पान गाळायचं नाही. एकोणीस वर्षं ते तुझ्या स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत राहिलं. तू त्याला उकळून गार केलेलं पाणी घालायचीस. (मला तुझ्या घरी नळाचंच मिळायचं, पण तो विषय आज नको.) गेल्या वर्षी भाऊजी गेले, आणि तेराव्या महिन्यात मी तुझ्याकडे ते झाड मागायला आलो. तू आधी त्याला गार केलेलं पाणी घातलंस. मग पानं मोजलीस, सदतीस भरली, आणि मला म्हणालीस, सदतीस देते आहे, लक्षात ठेव. तेव्हा मला ते शिक्षिकेचं बोलणं वाटलं. आता ते पोलिसाचं वाटतं.

मी ते का मागितलं हे तुला नीट सांगितलं नव्हतं. आमच्या उद्यानात मी सत्तावीस वर्षं झाडांच्या नावांच्या पाट्या रंगवतो आहे. सगळी नावं मला पाठ आहेत, झाडं नाहीत. पाटी काढली तर मला तुळस आणि माठाची भाजी यांतला फरक सांगता येणार नाही, आणि आमच्याकडे तशी वेळही येत नाही, कारण पाटी कधी काढतच नाहीत. इथला नियम असा आहे की पाटी ही जडवस्तू. तिला डेडस्टॉक रजिस्टरात नंबर असतो. पाटी हरवली तर चौकशी बसते. झाड मात्र जिवंत असल्यामुळे कुठल्याच रजिस्टरात नसतं. ते मेलं तर कागदोपत्री काहीच घडत नाही. म्हणून आम्ही झाडाला पाटी लावत नाही, पाटीला झाड लावतो. तळ्याकाठी ‘अतिदुर्मिळ वेत’ अशी मीच रंगवलेली पाटी आहे. वेत कधीच गेला. आता तिथे वेताची खुर्ची ठेवली आहे आणि तीवर पहारेकरी बसतो. पाहणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला: नोंद जुळते.

तर एका बामाच्या कारखानदारांनी (आम्ही त्यांना बामवाले म्हणतो) उद्यानाला एक भली मोठी पितळी पाटी देणगी दिली. तिच्यावर ‘विंटरग्रीन’ असं कोरलेलं आणि खाली नक्षी. त्यांच्या बामाच्या डबीवर हेच नाव छापलेलं असतं, म्हणून त्यांना त्याचा अभिमान. झाड मात्र त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्यांचं तेल पिंपातून येतं आणि पिंप कुठून येतं ते पिंपालाच माहीत. पाटी आली, रजिस्टरात चढली, आता झाड पाहिजे. अधीक्षक घामाघूम. आणि त्या दिवशी चहाच्या वेळी माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी बोलून गेलो, आमच्या ताईकडे आहे की! दुसऱ्याच दिवशी अधीक्षकांनी मला स्वतःच्या खोलीत खुर्ची दिली. ताई, सत्तावीस वर्षांत त्या खोलीत मी उभाच राहिलेलो आहे. मी विरघळलो. बसल्या बसल्या मी हेही मिळवलं की पाटीवर खाली ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ म्हणून भाऊजींचं नाव कोरायचं. तुझ्याकडे आलो तो हे डोक्यात घेऊन. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो आता मिळेलच.

झाड आलं, वाफा तयार झाला, आणि अधीक्षकांना शंका आली की हे विंटरग्रीनच कशावरून? शंका आली की समिती नेमायची, हे त्यांना निसर्गतःच येतं. ओळख समितीत चौघे: अध्यक्ष स्वतः अधीक्षक, वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, भाषेच्या जाणकार एक बाई, आणि देणगीदार म्हणून बामवाले. मी चिटणीस, म्हणजे खुर्च्या मांडणारा.

पहिल्या सभेत प्राध्यापकांनी दीड तास घेऊन आमच्या पायाखालची जमीन काढून घेतली. म्हणाले, विंटरग्रीन हे एका झाडाचं नावच नव्हे. थंडीत जे जे हिरवं राहिलं त्याला त्याला परदेशी लोक पूर्वी हेच म्हणायचे. एक हे सरपटणारं, लाल फळाचं. दुसरं डोंगरातलं पुरुषभर उंचीचं झुडूप, निळसर फळांचं, ज्याला औषधवाले गंधपुरा म्हणतात. तेल खरं त्याच्यातून निघतं. तिसरं जंगलातलं गोल पानांचं, त्याला नाव तेच पण वासाचा पत्ता नाही. आणि याच वासाचं तेल एका भलत्याच झाडाच्या सालीतूनही निघतं, त्याला कुणी विंटरग्रीन म्हणत नाही. म्हणजे नाव एकाचं, तेल दुसऱ्याचं, आणि वास तिसऱ्याचा. (आमच्या कचेरीत काम, पगार आणि बढती यांची वाटणी अशीच आहे, म्हणून मला लगेच समजलं.) भाषावाल्या बाईंनी मग हे परकं नाव पाटीवर चालणार नाही म्हणून पंधरा नवी नावं सुचवली. त्यांतलं ‘शीतकालाविम्लाना’ हे त्यांना सर्वांत सुटसुटीत वाटत होतं. नाव पितळेत कोरून झालेलं आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी, मग पितळ बदला, असं मत नोंदवलं.

शेवटी ठरलं की वासावरून ओळख पटवायची. खऱ्या विंटरग्रीनची ती एकच साधी खूण: पान चुरगळायचं आणि हुंगायचं. पान नुसतं असतं तेव्हा त्याला काही वास नसतो, मोडलं की येतो. चौघांनी चार पानं तोडली, चुरगळली, हुंगली, माना डोलावल्या, आणि सह्या केल्या. मला वाटलं, झालं. पण पुढच्या महिन्यात दुसरी सभा भरली आणि पहिला विषय आला, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. आता इतिवृत्तात लिहिलेलं की झाडाला वास आहे. प्राध्यापक म्हणाले, महिन्यापूर्वी होता, आज आहे की नाही हे न पाहता मी कायम कसं करू? प्रामाणिक माणसाने किती घात करावा याला काही मर्यादा नाही. चौघे खाली वाफ्यापाशी गेले. आणखी चार पानं. तिसऱ्या सभेत दुसऱ्या सभेचं इतिवृत्त. पुन्हा चार. भाषावाल्या बाई प्रत्येक वेळी सगळ्यात मोठं पान घेत आणि डोळे मिटून हुंगत, मग म्हणत की या वासाला आपल्याकडे शब्द नाही, पुढच्या सभेपर्यंत करते.

आमच्याकडे एक माळीणबाई आहेत. अधीक्षकसुद्धा त्यांना घाबरून अहो-जाहो करतात. त्यांनी तिसऱ्या सभेनंतर वाफ्यावर जाळी टाकली. अधीक्षकांनी ती काढायला लावली, कारण जाळी रजिस्टरात नव्हती. बाई तेव्हा समितीच्या तोंडावर म्हणाल्या, “अहो, गाय दूध देते का बघायला चौघांनी रोज धार काढली तर वासराने काय प्यायचं?” यावर भाषावाल्या बाईंनी दाद दिली, बामवाल्यांनी हे वाक्य जाहिरातीत घालू का म्हणून विचारलं, आणि मग चौघांनी पानं तोडली. तुझ्या झाडाने जीव तोडून दोन नवे अंकुर काढले. तेही चौथ्या सभेत कायम झाले.

शेजारीच प्राध्यापकांनी स्वतःचं ते गोल पानांचं, बिनवासाचं आणून लावलं होतं, तुलनेसाठी. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ज्याला वासच नाही त्याची परीक्षा कोण घेणार? ते इतकं माजलं आहे की आता पायवाटेवर आलंय. आमच्या खात्यात मी सत्तावीस वर्षं हेच पाहत आलो, पण ते झाडांनाही लागू आहे हे माहीत नव्हतं.

सहा सभा झाल्या. चार सक चोवीस. बाकीची पानं अधीक्षकांच्या पाहुण्यांत गेली. सातव्या, म्हणजे शेवटच्या सभेच्या आदल्या आठवड्यात वाफ्यात चार वाळक्या काड्या उरल्या होत्या आणि माळीणबाई त्यांच्याजवळ उकिडव्या बसून नुसत्या बघत होत्या. त्यांनी माती उकरून मुळं पाहिली, आणि हात झटकले. मी उभाच होतो. ताई, हे लिहायला मी चार पानं खर्च केली, पण आता लिहितो. भाऊजींचं झाड गेलं.

मला त्या दिवशी आधी तुझा चेहरा दिसला, आणि लगेच मागोमाग पाटीचा नंबर दिसला. मी मध्यान्हीच्या सुट्टीत कुंपणाच्या कडेचं एक बुटकं, चकचकीत पानांचं झुडूप उपटलं आणि त्या जागी लावलं. (नाव विचारू नकोस. त्याला पाटी नव्हती.) माळीणबाईंनी पाहिलं. झारी माझ्या पायाशी ठेवून गेल्या.

सभेच्या दिवशी मी देवाचं नाव घेत खुर्च्या मांडल्या. आमची सभेची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना असा की पायरी पायरीला वय कळतं. चौघेही वर पोचले ते गुडघे धरूनच. बामवाल्यांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकाला एकेक डबी वाटली आणि चौघांनी आपापले गुडघे सढळ हाताने चोळले. मग इतिवृत्त कायम करायला सगळे खाली आले. मी डोळे मिटून घेतले. प्राध्यापकांनी कुंपणाचं पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, इतका शुद्ध वास मी आयुष्यात घेतला नाही. बामवाले म्हणाले, अगदी आमच्या डबीसारखा. भाषावाल्या बाईंना शब्द सापडला, पण तो त्यांनी लगेच खोडला. अधीक्षकांनी एकमत झाल्याचं जाहीर केलं. खुशीत येऊन प्राध्यापकांनी आपल्या बिनवासाच्या झाडाचंही पान चुरगळून हुंगलं आणि थबकले. बराच वेळ बोटं नाकाशी धरून उभे राहिले. मला वाटलं आता कळलं! पण माणूस विद्वान असला की त्याला कळण्याआधी सुचतं. वासाचं झाड शेजारी असलं की बिनवासाच्या झाडालाही वास लागतो असा नवाच शोध त्यांना लागला आहे आणि ते त्यावर निबंध लिहीत आहेत.

तर अशी ही हकीकत. दाखला झाला आहे, चार सह्या, गोल शिक्का. तुझं झाड कागदावर जितकं जिवंत आहे तितकं कुठलंच झाड कधी नव्हतं. आता तुला सरकारी पाकिटातून निमंत्रण येईल. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता पाटीचं अनावरण आहे आणि प्रमुख पाहुणी तू. फीत कापणं जुनं झालं म्हणून अधीक्षकांनी नवीन काढलं आहे: प्रमुख पाहुण्यांनी स्वहस्ते एक पान चुरगळायचं, हुंगायचं, आणि माईकवर दोन शब्द बोलायचे. मी विरोध केला. मला पुन्हा खुर्ची देण्यात आली, आणि मी बसलो.

प्रकृतीला जप, डोळ्यात थेंब वेळेवर घाल. भाचीला आशीर्वाद. तुझी भावजय नमस्कार सांगते. (तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं मी तुला गुडघ्यांवरचं औषध विचारतो आहे.)

तुझा,
धाकटा

ता.क. पत्रासोबत बामाची एक लहान डबी पाठवतो आहे. तुझे गुडघे ठणठणीत आहेत हे मला माहीत आहे. समारंभाला निघताना उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, एवढ्यालाच थोडा लाव. बाकी सगळं आपोआप होईल. तू ‘अहाहा’ म्हटलं नाहीस तरी चालेल, नुसती मान हलवलीस तरी पुरे. माझे चार महिने त्या मानेवर आहेत.

आणखी ता.क. वरचं लिहून झाल्यावर मलाच लाज वाटली. दुसरा उपाय सुचतो आहे आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी पत्र लिहायला बसलो होतो. तुझ्या पत्राच्या समासात तू आडवं लिहिलं आहेस की रिकाम्या कुंडीत मुळाचा तुकडा राहिला असावा, त्याला फूट आली आहे, तीन पानं आहेत. ताई, ती फूट ओल्या फडक्यात गुंडाळून समारंभाला घेऊन ये. मी सकाळी नऊ वाजताच कुंपणाचं झुडूप काढून ती तिथे लावीन. म्हणजे पाटीही खरी, दाखलाही खरा, भाऊजींचं नावही खऱ्या झाडावर. तीनच पानं आहेत हे मी सांभाळून घेईन. समिती आता बरखास्त झाली आहे.

शेवटचा ता.क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडून लिहितो आहे. पाहुण्यांत पानं गेली असं मी वर लिहिलं. पाहुणे दोनच आले होते. उरलेली अकरा पानं, आणि वर समितीच्या नावावर टाकलेल्या दोन अंकुरांतला एक, मी घेतला. पहिलं पान झाड आणलं त्याच दिवशी, खरोखर तपासायला म्हणून चुरगळलं, आणि पाठीमागे भाऊजी उभे आहेत असं वाटून मी वळून पाहिलं. त्यांच्या हातांना दवाखान्यातल्या मलमांचा हाच वास असायचा, हे झाड यायच्याही आधीपासून. मी ब्रश नीट धरत नव्हतो तेव्हा माझ्या मुठीवर मूठ ठेवून त्यांनी मला पहिलं अक्षर काढायला शिकवलं, तेव्हाही हाच. ते गेले तेव्हा मी रडलो नाही असं तू सगळ्यांना सांगतेस आणि ते खरं आहे. मग रोज सकाळी कामावर आलो की वाटायचं, आज एकच. समितीला मी थांबवलं नाही, कारण त्यांनी चार तोडल्यावर माझं एक कुणाला कळत नव्हतं. सहाव्या सभेनंतर एकच पान उरलं होतं. माळीणबाई म्हणाल्या होत्या, एवढं राहिलं तर झाड वाचेल. ते मी तोडलं.

तेव्हा फूट आणू नकोस. मी मागायला दारात आलो तरी देऊ नकोस, आणि खिडकी बंद करून घे. डबी टाकून दे. समारंभाला मात्र ये, पान चुरगळ, हुंग, आणि माईकवर जे खरं असेल ते सांग. मी पाटीजवळच उभा असेन. आणि त्या कुंडीत चौथं पान आलं की पोस्टकार्डावर नुसता आकडा टाकून कळव.